डावा पाय आणि दोन चमचे तेल

चार गाडीवेडे एकत्र जमले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. हॉर्सपॉवर किती? मग टॉर्क, मग शून्य ते शंभर किती सेकंदांत, मग टर्बो की सुपरचार्जर. तासभर गप्पा रंगल्या तरी एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: एवढी सगळी ताकद गिअरबॉक्सपासून तोडायला आणि परत जोडायला डाव्या पायाला किती जोर लावावा लागतो?

गेल्या सव्वाशे वर्षांत इंजिनांची ताकद कुठल्या कुठे गेली. ५-१० हॉर्सपॉवरच्या खटारगाड्यांपासून सुरुवात करून आपण ६००-७०० हॉर्सपॉवरच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांपर्यंत आलो. माणसाचा पाय मात्र तेवढाच राहिला. सिग्नलला सिग्नलला न थकता दाबता येईल असा जोर साधारण दहा-पंधरा किलोचा. (किलो म्हणजे तेवढ्या वजनाइतका जोर, फिजिक्सवाल्यांनी माफ करावं.) बजेट फिक्स आणि रिक्वायरमेंट दरवर्षी वाढणारी... आपल्या धंद्यात ही परिस्थिती कुणाला समजावून सांगायला नको! क्लचचा इतिहास म्हणजे या फिक्स बजेटात काम भागवण्याचा इतिहास आहे, आणि त्यातला सगळ्यात मजेदार भाग आहे क्लचचं हायड्रॉलिक्स. आजचा लेख त्यावर.

आधी अगदी थोडक्यात क्लच. इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील फिरत असतं. त्याच्या आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते, आणि ही प्लेट गिअरबॉक्सचा दांडा फिरवते. दाब स्प्रिंगचा असतो. पेडल दाबलं की आपण स्प्रिंगशी भांडून तो दाब काढून घेतो, प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. म्हणजे स्प्रिंग जितकी तगडी तितका टॉर्क क्लच झेलणार, आणि तितकंच पेडल जड होणार.

सुरुवातीच्या मोटारींमध्ये प्लेट नव्हती, शंकू होता. फ्लायव्हीलच्या खोलगट भागात चामडं लावलेला शंकू घुसायचा आणि घर्षणाने फिरायचा. चामड्याचे नखरे फार. वाळलं की एकदम पकडायचं आणि गाडी उडी मारायची, मग त्याला एरंडेल पाजायचं. तेल जास्त झालं की घसरायचं, मग त्यावर चक्क मुलतानी माती टाकायची! त्या काळच्या मोटारवाल्यांचे हे नेहमीचे उपाय होते. पुढे कोरड्या सपाट प्लेटचे क्लच आले आणि हा घरगुती औषधोपचार संपला. जोराचं गणित मात्र तसंच राहिलं.

ते गणित एकदा करून बघू. क्लच किती टॉर्क झेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षणाचा गुणांक, दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू किती. १९९७ च्या शेव्हर्ले कॉर्व्हेटचं एलएस१ इंजिन घ्या, ३४५ हॉर्सपॉवर आणि साधारण ४७५ न्यूटन-मीटर टॉर्क. गुणांक ०.३, त्रिज्या १२ सेंटीमीटर आणि दोन बाजू धरल्या, तर सुमारे ६७० किलोचा दाब लागतो. थोडी सेफ्टी मार्जिन ठेवली की ८७५ च्या आसपास. म्हणजे आपल्या मारुती ८०० च्या वजनापेक्षा जास्त भार, आणि तो तुम्ही बुटाच्या टोकाने उचलायचा, तोही दिवसातून शेकडो वेळा.

अर्थात मध्ये तरफा असतात. स्प्रिंगची तरफ चारपट धरू, म्हणजे रिलीज बेअरिंगवर २२० किलो उरले. पेडलची तरफ सहापट. मधला राहिलेला हिशेब हायड्रॉलिक्सने भागवायचा. पण इथे कुणीही फुकट काही देत नाही. जोर कमी केलात की अंतर वाढतं. प्लेट मोकळी व्हायला प्रेशर प्लेट जेमतेम दीड मिलिमीटर उचलावी लागते, त्यासाठी बेअरिंग आठ-नऊ मिलिमीटर सरकतं आणि पाय चांगला वीतभर खाली जातो. पायाचा जोर मर्यादित, आणि डॅशबोर्डखालची जागाही मर्यादित. या दोन भिंतींच्या मध्ये सगळा खेळ आहे.

आता थोडं मागे जाऊ. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालने मांडलं. त्याचा हा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापून आला. शंभरपट मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसं ढकलत असली, तर लहान दट्ट्यावरचा एक माणूस त्यांना तोलून धरेल, असं त्यात सांगितलंय. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात सव्वाशे वर्षं त्याचं मोठं यंत्र काही झालं नाही, कारण दट्ट्या आणि नळी यांच्या फटीतून पाणी गळायचं. १७९५ साली लंडनच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. त्याच्याही प्रेसला गळतीचा त्रास होता. त्यावरचा तोडगा काढल्याचं श्रेय त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले नावाच्या तरुण कारागिराला दिलं जातं: चामड्याचा वाटीसारखा वॉशर. पाण्याचा दाब वाढला की वाटीची कड पसरते आणि भिंतीला आणखी घट्ट चिकटते. म्हणजे गळायला लावणारा दाबच गळती थांबवतो! मला विचाराल तर पास्कालच्या नियमाइतकीच ही वाटी महत्त्वाची आहे. आजही मास्टर सिलिंडरचं रबर किट उघडलंत तर आत त्याच वाटीची रबरी नात बसलेली दिसेल.

या मॉडस्लेला आठवड्याला ३० शिलिंग मिळत होते. त्याने पगारवाढ मागितली, ब्रामाने नाकारली, आणि १७९७ साली तो नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढून बसला. पुढे तो इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला यंत्रकार झाला. अप्रेझलच्या मोसमात ही गोष्ट मॅनेजरला फॉरवर्ड करायला हरकत नाही. :-)

मोटारीत हायड्रॉलिक्स आलं ते ब्रेकच्या वाटेने. माल्कम लॉकहीड (आडनाव मुळात वेगळ्या स्पेलिंगने लिहायचे) आणि त्याचा भाऊ ॲलन यांनी १९१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्वतः बनवलेलं विमान उडवलं होतं. ॲलन विमानांतच राहिला, माल्कम हायड्रॉलिक ब्रेककडे वळला. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए मध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. १९२४ साली वॉल्टर क्रायस्लरने आपल्या पहिल्या गाडीत ते घेतले, पण त्याच्या इंजिनियरांना आधी सिलिंडरच्या वाट्या बदलून रबरी कराव्या लागल्या. कारण? गळती! सव्वाशे वर्षांनी पुन्हा तोच बग.

मग क्लचला लगेच हायड्रॉलिक्स का नाही लागलं? कारण तितकी गरज नव्हती. ब्रेकची ताकद चार चाकांना सारखी वाटायची होती, ते सळ्या आणि वायरींनी नीट जमत नव्हतं. क्लच एकच, तोही पायापासून दोन-तीन फुटांवर. एक सळई पुरे. शिवाय अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच दिशेने शोधलं जात होतं. अर्ल थॉम्प्सन या इंजिनियरचं सिंक्रोमेश १९२८ साली कॅडिलॅकमध्ये आलं आणि गिअर टाकताना होणारी खडखड संपली. पुढे त्याच्याच नेतृत्वाखालचं हायड्रा-मॅटिक १९३९ साली ओल्ड्समोबिलने १९४० च्या मॉडेलसाठी बाजारात आणलं. पहिलं मोठ्या प्रमाणावर बनलेलं पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, किंमत ५७ डॉलर जास्त. त्यात क्लचचं पेडलच नाही, सगळं काम तेलाच्या दाबावर. ज्यांच्या पायात जोर कमी होता किंवा ज्यांना ट्रॅफिकमध्ये पाय दुखवून घ्यायचा नव्हता, त्यांच्यासाठी गाडी चालवणं एकदम सोपं झालं. म्हणजे हायड्रॉलिक्सने आधी क्लचच्या पेडलची नोकरी खाल्ली, आणि खूप नंतर, जे हट्टाने मॅन्युअलच चालवणार होते त्यांच्या मदतीला आलं.

हे हट्टी लोक म्हणजे मसल कारवाले. १९६४ साली जॉन डीलोरियन आणि पॉन्टियाकच्या मंडळींनी मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ घनइंचांचं मोठं इंजिन बसवून जीटीओ काढली, ३२५ हॉर्सपॉवरपासून पुढे. १९६६ साली क्रायस्लरचं रस्त्यावरचं ४२६ हेमी ४२५ हॉर्सपॉवर घेऊन आलं. या गाड्यांचा क्लच सळ्या आणि झेड आकाराच्या दांड्याने चालायचा. दांड्याचं एक टोक चासीला, दुसरं इंजिनाला. ॲक्सिलरेटर दाबला की तगडं इंजिन आपल्या रबरी माउंटवर पिळायचं आणि त्याबरोबर क्लचची जोडणीही वाकडी व्हायची. ऐन गिअर बदलायच्या क्षणी! आणि पेडल इतकं जड, की दाबताना मांडी भरून यायची.

ड्रॅग रेसिंगवाल्यांनी यावर एक छान युक्ती वापरली. प्रेशर प्लेटच्या बोटांना वजनं लावायची. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि प्लेट जास्त दाबतात. उभ्या गाडीत पेडल हलकं, वेगात पकड घट्ट. पण एवढी ताकद पायाशेजारी फिरत असते याची किंमतही कुणीकुणी मोजली. ८ मार्च १९७० ला लॉस अँजेलिसच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्सच्या ड्रॅगस्टरचा गिअरबॉक्स सुरुवातीच्या रेषेवरच फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. त्याने इंजिन पाठीमागे असलेली गाडी बनवली आणि १९७१ पासून तिच्यावर शर्यती जिंकल्या. क्लच-गिअरबॉक्सभोवती जाड पोलादी कवच लावायची सक्ती ड्रॅग रेसिंगमध्ये उगाच नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांना खरा आराम दोन गोष्टींनी मिळाला. पहिली डायफ्राम स्प्रिंग: गुंडाळलेल्या अनेक स्प्रिंगांऐवजी एकच बशीसारखी पोलादी चकती. साधी स्प्रिंग दाबावी तितकी जड होत जाते. ही बशी एका मर्यादेपुढे उलट हलकी होते, त्यामुळे पेडल खाली धरून ठेवणं सोपं जातं. दुसरी गोष्ट हायड्रॉलिक जोडणी. फोर्ड मस्टँग १९७९ च्या मॉडेलपासून २००४ पर्यंत वायरीवर चालली (दणकट क्लच टाकला की आतला प्लास्टिकचा दातेरी तुकडा झिजायचा, मग लोक ॲल्युमिनियमचा लावायचे) आणि २००५ मध्ये हायड्रॉलिकवर आली. कॉर्व्हेट १९८४ लाच आली होती. इंजिन हवं तेवढं पिळू दे, मध्ये लवचिक नळी आहे. तेलाला कोन समजत नाही.

मग १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आणि १९९८ च्या कॅमॅरोमध्ये एलएस१ आलं, आणि स्लेव्ह सिलिंडर थेट बेलहाउसिंगच्या आत गेला. गिअरबॉक्सच्या दांड्याभोवती बांगडीसारखा बसणारा स्लेव्ह, त्याच्याच तोंडाशी बेअरिंग. मधला काटा, तरफ सगळं गायब. डिझाइन म्हणून देखणं. पण रबराची रिंग गळायला लागली की ती बदलायला कॅमॅरोत गिअरबॉक्स उतरवायचा, आणि कॉर्व्हेटमध्ये तर मागचा सगळा संसार खाली घ्यायचा, कारण तिचा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे. पाच ओळींचं फंक्शन कर्नलमध्ये नेऊन ठेवावं तसं.

आणि इथूनच अपग्रेडवाल्यांची गोष्ट सुरू होते. एलएस१ ला कॅमशाफ्ट, हेडर, सुपरचार्जर लावून ताकद वाढवणं सोपं निघालं. त्रास वेगळ्याच ठिकाणी व्हायचा. ६००० च्या पुढच्या आरपीएमला जोरात गिअर बदलला की क्लचचं पेडल जमिनीलाच चिकटून राहायचं! इंजिन मोकळं, पुढचा गिअर जात नाही, पेडल बोटांनी वर ओढायची वेळ. गिअर चुकून खालचा पडला तर इंजिनाचे व्हॉल्व्हच वाकायचे. मजा म्हणजे उंच आरपीएमला डायफ्राम खालीच राहतो ही तक्रार ड्रॅगवाले आधीच्या पिढीपासून करत होते.

कारणं एकापेक्षा जास्त. एक, वेगात डायफ्रामची बोटं केंद्रोत्सारी बलाने स्वतःच दाबलेल्या स्थितीकडे ओढली जातात आणि पेडल परत ढकलत नाहीत. बेअरिंग गरजेपेक्षा जास्त सरकवलं तर हे हमखास. दोन, कॅमॅरोच्या नळीत कंपनीने मुद्दाम बारीक भोक ठेवलं होतं, म्हणजे कुणी पाय पटकन सोडला तरी क्लच सावकाश लागेल आणि मागचा ॲक्सल तुटणार नाही. रेट लिमिटरच म्हणा ना. बीएमडब्ल्यूनेही हाच विचार करून बऱ्याच गाड्यांत वेगळा व्हॉल्व्ह लावला होता. लोकांनी कॅमॅरोचं भोक ड्रिलने मोठं केलं. तीन, उष्णता. बेलहाउसिंगच्या आत आणि एक्झॉस्टच्या शेजारी तेल तापतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १४० वर येते. डॉट ४ ला २३० वरून १५५. वाफ झाली की संपलं, कारण वाफ दबते.

आता शेवटचं गणित, आणि माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीचा गाभा. उदाहरणापुरते आकडे धरू. स्लेव्हचं क्षेत्रफळ ७ चौरस सेंटीमीटर, बेअरिंग सरकवायचं ९ मिलिमीटर. लागलेलं तेल: ६.३ मिलिलिटर. म्हणजे चहाचा सव्वा चमचा! पाऊण इंची मास्टर सिलिंडर ३० मिलिमीटर सरकला की साडेआठ मिलिलिटर देतो. जमतंय.

टॉर्क १००० न्यूटन-मीटरवर नेला तर एकाच प्लेटला मार्जिनसह १८०० किलोंच्या वर दाब लागेल आणि १५ किलोंचं पेडल ३० च्या पुढे जाईल. म्हणून लोक जुळ्या प्लेटचा क्लच लावतात. घासणाऱ्या बाजू दोनाच्या चार, दाब निम्मा, पेडल पुन्हा माणसात. पण चार बाजू मोकळ्या करायला उचल जास्त लागते. दीडच्या जागी सव्वादोन मिलिमीटर धरा, म्हणजे बेअरिंग ९ च्या जागी १२, तेल ८.४ मिलिलिटर. मास्टरकडे आहे साडेआठ! आता एक मिलिलिटरचा हवेचा बुडबुडा आत राहिला किंवा गरम नळी तेवढी फुगली, तर प्रेशर प्लेटची ०.३६ मिलिमीटर उचल गेली. क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर कुरकुरतात, सिंक्रोमेशच्या रिंगा खाल्ल्या जातात, आणि दोष गिअरबॉक्सला मिळतो.

म्हणून अपग्रेडची यादी अशी दिसते. पाव इंचही नाही... म्हणजे पाऊण इंचाच्या जागी सात-अष्टमांश इंचाचा मास्टर सिलिंडर, एवढा छोटा बदल, पण त्याच दांड्याच्या चालीत ११.६ मिलिलिटर, ३६ टक्के जास्त तेल. (आणि पायाला ३६ टक्के जास्त जोर. फुकट काही नाही, वर म्हटलंच.) दांड्याची लांबी जुळवता येणारा मास्टर, म्हणजे उचल हवी तेवढीच. पोलादी जाळीची न फुगणारी नळी. हवा काढायचा स्क्रू बेलहाउसिंगवरच्या अडचणीतून नळीने बाहेर आणलेला. पेडलखाली एक स्टॉपर, म्हणजे डायफ्राम जास्त दाबला जाणार नाही. आणि ताजं तेल, वेळेवर बदललेलं. यातली एकही वस्तू एक हॉर्सपॉवरही वाढवत नाही. पण त्या नसतील तर वाढवलेली हॉर्सपॉवर चाकांपर्यंत पोचत नाही.

कंपन्याही शेवटी याच रस्त्याने गेल्या. २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मध्ये ५०५ हॉर्सपॉवरला २९० मिलिमीटरची एकच प्लेट होती. २००९ च्या झेडआर१ मध्ये ६३८ हॉर्सपॉवरला २६० च्या दोन लहान प्लेट आल्या. ताकद वाढली, तरी पाय त्याच बजेटात राहावा म्हणून.

नंतर पायच यादीतून गेला. २०२० च्या कॉर्व्हेटमध्ये फक्त आठ गिअरांचा ड्युअल-क्लच आला, मॅन्युअल नाही. व्हायपर, जी १९९२ पासून मॅन्युअलच होती, २०१७ ला थांबली. कॅमॅरो २०२४ च्या मॉडेलनंतर बंद झाली. मधेच कॅडिलॅकने २०२२ ची सीटी५-व्ही ब्लॅकविंग ६६८ हॉर्सपॉवर आणि तीन पेडल घेऊन आणली हे त्यांचे उपकारच. गंमत अशी की ड्युअल-क्लचच्या आतही पास्कालचाच नियम आहे, वाटीसारखे सील आहेत, तेल आहे. फक्त दाब किती आणि कधी हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो थकत नाही.

असो. तुमच्यापैकी कुणी परदेशात अशी एखादी जुनी कॅमॅरो पाळून असाल, तर पुढचा टर्बो ऑर्डर करण्याआधी एक स्वस्तातलं काम करा. क्लचच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडा. तेल काळं दिसलं तर या वीकांताला तेच बदला. दोन चमच्यांचंच काम आहे, पण ७०० हॉर्सपॉवर त्यावर टांगलेल्या आहेत.